आत्याच्या पाटीतला जवळा

माझ्या कामाची बातमी रेवदंड्याच्या मासळी बाजारात माझ्या आत्याने पोचवली. वर्तमानपत्राने ती नंतर छापली, आणि आत्याच्या मानाने फारच थोडी छापली.

काम तसं सांगायला सोपं आहे. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत आम्ही पोहणारे, फार म्हणजे फारच लहान रोबो बनवतो. रोबो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हातपाय येतात. आमच्या रोबोंना हात नाहीत, पाय नाहीत, डोकं तर नाहीच. स्क्रूसारखे आटे पडलेला एक तुकडा, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान, आणि त्याच्यावर चुंबकाला दाद देणाऱ्या धातूचा पातळ मुलामा. बाहेरून चुंबकाचं क्षेत्र फिरवलं की तो तुकडा स्वतःभोवती गरगर फिरतो आणि लाकडात स्क्रू शिरावा तसा पाण्यात पुढे सरकतो. त्याच्या अंगावर औषध चढवायचं, त्याला बाहेरून हाकत हाकत नेमका कर्करोगाच्या गाठीपाशी न्यायचा आणि औषध तिथेच सोडायचं, असा बेत आहे. बेत म्हणते, कारण बशीतल्या पाण्यात ते छान पोहतात, उंदराच्या शरीरात कधी पोचतात तर कधी वाटेत हरवतात, आणि माणसाच्या शरीरात आमच्यापैकी कुणी त्यांना अजून सोडलेलं नाही.

या कामात कशी काय पडलात, असं कुणी विचारलं की मी काहीतरी भारदस्त उत्तर देते. खरं कारण माझी आई. मी कॉलेजात असताना ती गेली. तिच्या गाठीवर जे औषध दिलं ते गाठीला मारायला आलं होतं खरं, पण वाटेत जे जे भेटलं त्या सगळ्याला झोडपत गेलं. केस गेले, जिभेची चव गेली, शेवटी तिला बांगड्याचा वासही सोसेना, आणि मासे विकणाऱ्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही. आत्याने तिचं सगळं केलं. ओकारीचं भांडं धरण्यापासून वेणी नसलेल्या डोक्याला तेल लावण्यापर्यंत.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. बाजारात तिची आणि आईची जागा शेजारी शेजारी होती. दोघी नणंदा-भावजया दिवसभर एकमेकींशी भांडायच्या आणि मधूनच एकमेकींचं गिऱ्हाईक सांभाळायच्या. आई गेल्यावर आत्याने आपली फळी दोन्ही जागांवर आडवी टाकली. कुणी काही बोललं तर म्हणायची, माल जास्त असतो. माल काही जास्त नसायचा. बोंबील ऐसपैस पसरून ती फळी भरून काढायची.

एकदा ती माझी प्रयोगशाळा बघायला आली. मांडव्याहून लाँचने, ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यावर अबोलीचा गजरा माळून आणि पिशवीत तळलेल्या सुरमईचा डबा घेऊन. दारावरच्या रखवालदाराने डब्यात काय आहे ते विचारलं. तिने सांगण्याऐवजी त्याला एक तुकडी खायलाच घातली, आणि तेव्हापासून तो मला माझ्या नावाने न ओळखता सुरमईवाल्या मॅडम म्हणून ओळखतो. आत आल्यावर मी सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र मोठ्या पडद्यावर लावलं. आमचे रोबो थव्याने वळवळत चालले होते. माझ्या आयुष्याची कमाई होती ती. आत्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "हा तर जवळा."

जवळा म्हणजे आमच्याकडची सगळ्यांत बारीक कोलंबी. इतकी बारीक की ती मोजून नव्हे, मापाने विकतात, आणि सुकवली की तिचा नुसता भुगा दिसतो. ती उपमा मला झोंबली. त्याहून झोंबलं ते हे की आठवडाभरात आख्खी प्रयोगशाळा त्यांना जवळा म्हणायला लागली. माझी एक सहकारी दक्षिणेकडची आहे, तिला मराठी येत नाही, पण रोज सकाळी येऊन ती जवळा कसा आहे ते विचारते.

आत्याला आणखी शंका होत्या. हा खातो काय? काही नाही, मी सांगितलं, तो बाहेरच्या चुंबकाने चालतो. म्हणजे स्वतः काही करत नाही? नाही. मग आळशी आहे, असा तिने निकाल दिला. गंजत नाही का, हेही तिने विचारलं. हा प्रश्न बरा होता, म्हणून मी तो टाळला.

त्यानंतर वर्तमानपत्रातला एक मुलगा येऊन माझी मुलाखत घेऊन गेला. हे औषध रुग्णांना कधी मिळणार, असं त्याने विचारलं. मी त्याला बरंच समजावलं: किती पायऱ्या बाकी आहेत, कुठे कुठे अडतं, रक्ताच्या प्रवाहात दिशा धरणं किती अवघड आहे. त्याने सगळं मन लावून ऐकलं आणि छापलं, "लवकरच". वर माझा फोटो, बरा आला होता. आत्याने ते कात्रण प्लास्टिकमध्ये घालून आणलं आणि आपल्या जागेवर डोक्याच्या वर, लिंबू-मिरचीशेजारी टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती ते दाखवायची. पापलेट निवडता निवडता गिऱ्हाईक विचारायचं, ही कोण. मग आत्याचं सुरू व्हायचं. आपली भाची. गाठीवर औषध काढते. जवळ्याएवढं यंत्र, पोटात सोडलं की सरळ गाठ गाठतं, बाकी कशाला धक्का लावत नाही. येतंय, लवकरच येतंय. अलिबागच्या शनिवार-रविवारवाल्या मंडळींनाही तिने सोडलं नाही. किहीमच्या बंगल्यातली एक बाई तर आपल्या सासऱ्यांसाठी आत्याकडे चौकशी करून गेली, आणि जाताना हलवा मासा घेऊन गेली.

मी तिला गप्प बसायला सांगितलं का? सांगितलं. फार जोरात सांगितलं असंही नाही. आपला फोटो पापलेटांच्या वर लटकलेला बघायला कुणालाही बरं वाटतं.

इथे आमच्या घरातला एक नियम सांगायला हवा. लिहून ठेवलेला नाही, पण बाजारातल्या प्रत्येक घरात तो आहे. आपल्या पाटीत माल असताना दुसरीच्या पाटीतला मासा घरी न्यायचा नाही. लहानपणी मला कोलंबी फार आवडायची आणि आमच्या पाटीत बोंबील असले की घरी बोंबीलच. समोरच्या बाईकडे कोलंबीचे वाटे मांडलेले दिसायचे, मी रडायचे, आणि आई-आत्या एकमताने दुर्लक्ष करायच्या. एरवी त्यांचं एकमत पाहायला मिळत नसे. कारण उघड होतं. बाजार बघत असतो. विकणारीच जर दुसरीकडे हात घालायला लागली, तर तिच्याच मालात काही खोट असणार असं गिऱ्हाईक धरून चालतं. पाटी रिकामी झाली, पालथी घातली, की मग हवं ते घ्या. किंवा आपली होडीच आली नसेल, तर त्या दिवशी दुसरीकडून खुशाल घ्यायचं, विकायचंसुद्धा. फक्त गिऱ्हाईकाला तोंडावर सांगायचं की आमची होडी अजून आलेली नाही.

हा नियम मला पाठ होता. तो कुठे लागू पडेल हे मात्र मला कळलं नाही.

गेल्या वर्षी आत्याचं वजन उतरायला लागलं. दागिने सैल झाले. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, रेवदंडा-अलिबाग रिक्षा चालवतो. त्याने तिला गोड बोलून अलिबागला नेलं आणि तपासण्या करवल्या. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. आम्ही पनवेलच्या एका सर्जनकडे गेलो. भला माणूस होता. त्याने कागदावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं. गाठ अजून एका जागी आहे, तुम्ही वेळेत आलात, ऑपरेशन करून काढून टाकू, असं तो म्हणाला. उशीर केला तर ती जागा सोडेल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही, हेही त्याने स्वच्छ सांगितलं.

आत्याने पदर सारखा केला. "ऑपरेशन नको," ती म्हणाली. "आमच्या घरात औषध हाय."

सर्जनने माझ्याकडे पाहिलं. आतेभावाने माझ्याकडे पाहिलं. आत्या तर आधीपासूनच माझ्याकडे बघत होती, आणि कौतुकाने बघत होती. सर्जनने फार अदबीने विचारलं की मॅडम, आपलं औषध कोणत्या टप्प्यावर आहे. मी म्हणाले, उंदरांवर.

रिक्षात मी तिला झाडलं. राग माझ्या नाकावर असतो, तो घराण्यातलाच आहे, त्यामुळे तिने मनाला लावून घेतलं नाही. घाई नाही म्हणाली, तुझं होऊ दे. मी म्हणाले, माझं व्हायला दहा वर्षं लागतील, वीस लागतील, कदाचित होणारच नाही. ती म्हणाली, पेपरात लवकरच म्हटलंय. मग तिने आतेभावाला रिक्षा थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला ताडगोळे घेतले.

आम्हा सगळ्यांना वाटलं की ती घाबरली आहे. वाटणारच. भावजयीचे हाल तिने आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून मी पुढच्या सुट्टीत मुद्दाम घरी आले, तिच्याशेजारी बसले आणि समजूत घातली. आईचं वेगळं होतं, आईचं फार उशिरा कळलं. इथे आधी गाठ काढायची आहे, आईला दिलेलं ते औषध कदाचित लागणारही नाही. आत्या ऐकत होती. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाईकाचं ती ऐकते तसं, मान हलवत आणि एक पैसा कमी न करता. शेवटी म्हणाली की मी कुणाला भीत नाही. मला ते तेव्हा खोटं वाटलं.

दिवस जात राहिले. आतेभाऊ फोनवर रडकुंडीला आला. मला प्रयोगशाळेत काम सुचेना. पडद्यावर रोबो वळवळताना दिसले की मला त्यांचा राग यायचा. एवढ्याशा त्या तुकड्यांवर एक बाई आपला जीव टांगून बसली आहे आणि यांना सरळ रेषेत जाता येत नाही. एकदा मी सगळ्यांसमोर पडद्याला आळशी म्हणाले. दक्षिणेकडच्या मैत्रिणीने चहा आणून दिला.

मग एका रविवारी सकाळी मी तरातरा बाजारातच गेले. घरी ऐकत नाही तर इथे ऐकवते, असा विचार. आत्या फळीमागे बसली होती, खांद्याची हाडं वर आलेली, आवाज मात्र खाडीपलीकडे कोर्लईला पोचेल असाच. पाटीत बांगडे होते. मी आईच्या जागी एका पालथ्या क्रेटवर बसले आणि बोलायला तोंड उघडलं, तर एकामागून एक गिऱ्हाईक. ती मला बोलूच देईना. प्रत्येकाला वरचं कात्रण दाखवायची आणि मग खाली मला दाखवायची. मी नमस्कार करत बसले.

समोरच्या शेजारणीकडे कोलंबी होती. ही तीच, लहानपणी जिच्या वाट्यांकडे बघून मी रडायचे. आत्याचं आणि तिचं भांडण मी जन्मायच्या आधीपासून चालू आहे आणि दोघींनाही त्यात विलक्षण गोडी आहे. मी भुकेली होते, चिडलेली होते, आणि आत्याला डिवचायची इच्छाही होती. उठले, समोर गेले आणि तिच्या पाटीत हात घालून म्हणाले, मावशी, हा वाटा द्या, दुपारी कोलंबी करू.

आत्याने फळीमागून येऊन माझं मनगट धरलं. आजारी बाईच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. तिने मला ओढत परत जागेवर आणलं आणि खाली बसवलं. भर बाजारात ती पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली.

"आपल्या पाटीत माल असताना दुसरीच्या पाटीत हात घालतंस? शिकवलेलं सगळं विसरलंस का मुंबईत?"

मी म्हणाले, कोलंबीच तर घेत होते.

"कोलंबी असो नायतर ऑपरेशन असो. बाजार बघतोय, बाय. मी तुझी आत्या. मीच दुसऱ्याच्या पाटीतलं घेतलं तर तुझ्या पाटीला कोन हात लावंल?"

मला उलगडायला क्षणभर लागला. ती घाबरलेली नव्हती. तिला माझ्या जवळ्यावर आंधळा विश्वास होता असंही नव्हतं. ती माझ्या मालाची पत राखत होती. सगळ्या बाजाराला, अलिबागला, किहीमच्या बंगल्यांना तिने सांगितलं होतं की गाठीवरचं औषध आमच्या घरात आहे. आणि आता तिच्याच पोटात गाठ निघाली. अशा वेळी ती पनवेलच्या डॉक्टरकडे गेली, तर लोक म्हणणार की भाचीचं औषध खुद्द आत्याने घेतलं नाही. म्हणून ती आपल्या घरची पाटी भरलेली आहे असं दाखवत बसली होती, आणि आत गाठ वाढत होती. जगातल्या दुसऱ्या कुठल्या रोगी माणसाने या कारणासाठी ऑपरेशन नाकारलं असेल असं मला वाटत नाही. मला हसूही आलं आणि रडूही. दोन्ही एकदम आल्यामुळे मी नुसतीच खोकले.

तिला समजावण्यात अर्थ नव्हता. तिची समजूत बरोबरच होती. नियम बरोबर, फक्त एक गोष्ट चुकली होती, आणि ती तिला एकटीला सांगून भागणार नव्हतं. बाजाराला सांगायला हवी होती.

मी क्रेटवर उभी राहिले. मी परदेशात मोठमोठ्या सभांमध्ये बोलले आहे. तिथे समोर बसलेल्यांना माझे दोष काढण्याचा पगार मिळतो, तरी ते सभ्यपणे काढतात. इथे मला लहानपणी नाक पुसून दिलेल्या बायका होत्या. त्यांच्यापुढे मी आजवर फक्त कात्रणातून उभी राहिले होते. माझी मुंबईची भाषा कुठे गेली कुणास ठाऊक.

"ऐका गो समद्या," मी म्हणाले. "माझी होडी अजून आली न्हाय. दर्यात हाय. कवा येल ते मला ठावं न्हाय, आनि येलच असंपन मी सांगत न्हाय. आत्याच्या पाटीत माझा माल न्हाय."

आत्याने माझी ओढणी खाली ओढली. मी बसले नाही. कुठेतरी कोयत्याने सुरमईचे तुकडे पाडण्याचा आवाज चालू होता, तोही थांबला. कोपऱ्यातून एकीने विचारलं की मग पेपरात काय छापलंय ते. मी सांगितलं, पेपरवाल्याने होडी आधीच बंदराला लावून टाकली. दुसरीने विचारलं, मग एवढी वर्षं करतेस काय. तो प्रश्न मला वर्षातून एकदा आमच्या वरिष्ठांकडूनही येतो आणि मी त्यांना चाळीस पानी उत्तर देते. इथे म्हणाले, जाळं विणते. बायका हसल्या. एकदा हसायला लागल्यावर थांबेनात. जवळा गंजला का, एकीने विचारलं. चुंबक लावून शोधा की, दुसरी म्हणाली. माझ्या फोटोकडे बघून कुणीतरी म्हणालं की फोटोत तरी केस नीट विंचरले असते तर होडी आली असती. माझे कान तापले होते. त्यांनी मला सोडावं असं वाटत होतं आणि सोडू नये असंही.

आत्या मात्र हसली नाही. ती फळीकडे बघत बसली होती. तिचं तोंड उतरलेलं मी त्या दिवशी पाहिलं आणि मला वाटलं, मी हे काय केलं. एवढी मोठी केलेली भाची तिच्यासमोर, तिच्याच बाजारात, रिकामी पाटी घेऊन उभी राहिली होती.

तेव्हा समोरची शेजारीण बोलली. तिने कोलंबीवरचा बर्फ सारखा करत, आत्याकडे न बघताच म्हटलं, "होडी आली न्हाय तर दुसरीकडनं घेतात. त्यात कसली लाज? मागल्या पावसात तू माझ्याकडनं न्हाय घेतलंस?"

आत्याने मान वर केली. "घेतलं," ती म्हणाली. "आनि निम्मं सडकं होतं."

त्यावर दोघींचं जे जुंपलं ते बराच वेळ चाललं. मी क्रेटवरून खाली उतरले. भांडण संपवून आत्याने दोन गिऱ्हाइकं केली, हात धुतले, पदराला पुसले, आणि माझ्याकडे न बघता विचारलं की तो पनवेलचा डॉक्टर बरा आहे का. नवा व्यापारी कसा आहे हे विचारावं तशा सुरात. मी म्हणाले, बरा आहे. मग तारीख घे, ती म्हणाली. आणि ते कात्रण काढून टाकू का, मी विचारलं. नको, राहू दे, फोटो चांगला आलाय.

तारीख तिने स्वतः ठरवली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत तिला चिरायचं नाही. उधाणात पाणी चढतं तसं अंगातलं रक्त चढतं, असं तिचं म्हणणं. अष्टमीच्या आसपास, पाणी मंद असताना, ज्याला आमच्याकडे भांग म्हणतात, त्या दिवसांतच काय ते करा. मी शास्त्रज्ञ बाई हे सर्जनला कोणत्या तोंडाने सांगणार? मी त्याला फक्त एक तारीख सुचवली. ती त्याला सोयीची निघाली. त्याने कारण विचारलं नाही आणि आत्याची खात्री पटली की माणूस जाणकार आहे.

त्या दिवशी तिने नर्सला दमवलं. दवाखान्याचा झगा तिला मागून उघडा वाटला, म्हणून तिने त्याच्यावर लुगडं नेसायचा हट्ट धरला. कानातली काढताना डोळ्यांत पाणी आलं, ते कान दुखला म्हणून, असं तिने सांगितलं. आत नेताना तिने माझा हात घट्ट धरला. मी काहीतरी धीराचं बोलायच्या बेतात होते. तेवढ्यात ती म्हणाली की माझ्या जागेवर कुणाला बसू देऊ नकोस, विशेषतः त्या समोरचीला. दार बंद झालं आणि मी आणि आतेभाऊ बाकावर बसलो. तो सगळा वेळ रिक्षाची चावी बोटाभोवती फिरवत होता. मी हातात फोन धरला होता आणि एकही अक्षर वाचलं नाही. मला आई आठवत होती. रोबो नव्हते आठवत, हे सांगायला हवं.

गाठ एका जागीच होती. पूर्ण निघाली. सर्जनने बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मी त्याचे आभार मानायचे विसरले, आतेभाऊ मात्र त्याच्या पायाच पडला. शुद्धीवर आल्यावर आत्याने गाठ दाखवायला सांगितली. सर्जनने फोनवरचा फोटो दाखवला. तिने तो मासा पारखावा तसा जवळ धरून, लांब धरून पाहिला, आणि एवढीशीच, असं म्हणून परत दिला. पुढच्या तपासण्या चालू आहेत. आजवर काही वाईट निघालेलं नाही.

दरम्यान आमचा जवळा उंदराच्या शरीरात पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ दिशा धरायला लागला आहे. थोडाच. वरिष्ठांनी परवाच्या बैठकीत विचारलं की कुठवर आलं. मी चाळीस पानांऐवजी म्हणाले, होडी अजून दर्यात आहे. त्यांनी ते टिपून घेतलं.

आत्या बाजारात परत बसायला लागली ते मला आतेभावाने सांगितलं. मी नंतरच्या रविवारी गेले. लांबूनच काहीतरी निराळं वाटलं. जवळ गेल्यावर कळलं. तिची फळी अर्धी झाली होती. ती फक्त तिच्या बाजूला होती. आईची जागा मोकळी होती, पाणी मारून धुतलेली, कोरडी केलेली, आणि तिथे एक रिकामी पाटी पालथी नव्हे, सरळ मांडून ठेवली होती. समोरच्या शेजारणीने मला हाक मारून बोलावलं आणि हळूच सांगितलं, माझी सून विचारायला गेली होती, जागा रिकामी आहे तर बसू का. नाही म्हणाली तुझी आत्या.

मी जाऊन आईच्या जागेवर बसले. आत्याने माझ्याकडे माश्या हाकलायला पुठ्ठा दिला. बसलीस तर काम कर, म्हणाली. मी पुठ्ठा हलवत राहिले, मान खाली घालून, कारण डोळे भरून आले होते आणि इथे ते कुणाच्याही लक्षात येतं.

एक गिऱ्हाईक आलं. नवीन असावं. आत्याची फळी बघून झाल्यावर ते माझ्यासमोर थांबलं, रिकाम्या पाटीत डोकावलं आणि विचारलं, ताई, तुमच्याकडे काय आहे?

मी उत्तर देणार, तेवढ्यात आत्याने पापलेटाचा कल्ला वर करून त्याला आतला लालभडक रंग दाखवला.

"तिची होडी यायची हाय," ती म्हणाली. "तवर तुम्ही माझं घ्या."